आमच्या व्याह्यांचा ब्रेक

थांबण्यासाठी आमच्या व्याह्यांइतके कष्ट घेणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. निघायला त्यांना काहीच लागत नाही. जेवता जेवता मनात आलं तर हात धुऊन थेट गाडीत जाऊन बसतात. पण थांबायचं म्हटलं की आधी रस्त्याला चढ कुठे आहे ते बघावं लागायचं, पुढच्या रिक्षावाल्याच्या मनात काय आहे त्याचा अंदाज घ्यावा लागायचा, उजवा हात खिडकीतून कोपरापर्यंत बाहेर काढून "थांबतोय रे, थांबतोय, बाजूला व्हा!" असं ओरडावं लागायचं आणि शेवटी दोन्ही पाय ब्रेकवर रोवून सीटवरून अर्धं उठावं लागायचं. या धांदलीत क्लच दाबायला तिसरा पाय उरत नसल्यामुळे गाडी एक आचका द्यायची आणि बंद पडायची. गाडी थांबणं आणि गाडी बंद पडणं या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्यांच्या गाडीतून वरचेवर फिरणाऱ्याला काही दिवसांनी आठवेनासं व्हायचं. रोडपालीच्या सिग्नलला तर ते दिवा हिरवा असतानाच ब्रेक दाबायला घ्यायचे. "आता लाल होनार हाय तो," असं म्हणायचे आणि आम्ही तिथे पोचेपर्यंत तो व्हायचाही.

हे व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा खारघरला एकाच ऑफिसात शेजारी शेजारी बसायचे; पुढे काय झालं ते सांगायला नको. मी नवीन पनवेलच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. आमच्या घरात मोठा आवाज झालाच तर तो कुकरचा. व्याही रोडपालीच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातले आगरी. घरची मिठागरं होती, ती गेली आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, पण माणूस मात्र मिठागरावरचाच राहिला. बोलतात तेसुद्धा पलीकडच्या बांधावरच्या माणसाला ऐकू जावं अशा बेताने. लग्न ठरवायला आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी मला जी मिठी मारली, तीत माझ्या खिशातल्या चष्म्याची काडी मोडली. आमच्याकडे मासळी चालत नाही हे कळल्यावर त्यांना झालेलं दुःख मी डोळ्यांनी पाहिलं आहे. "काईच नाय? सुकटबी नाय?" असं त्यांनी तीनदा विचारून घेतलं. तेव्हापासून ते दर खेपेला उरणकडच्या एका दोस्ताच्या आगरातलं खडेमीठ पिशवी भरून आणतात आणि हिच्या हातात देत म्हणतात, "वयनी, हे तरी चालतं ना?" हिने लोणची घातली, शेजाऱ्यांना वाटलं, तरी आमचा माळा अजून मिठाने भरलेला आहे.

त्यांच्या पायांबद्दल वेगळं लिहायला हवं. डाव्या पायात रबरी चप्पल आणि उजव्या पायात कारखान्यातले कामगार घालतात तसा जाड तळाचा, लोखंडी टोपीचा बूट, अशा थाटात ते गेली काही वर्षं वावरत होते. हा बूट ब्रेकसाठी. माझ्या मुलीच्या साखरपुड्यालासुद्धा ते रेशमी सदरा आणि हा विजोड जोड घालून आले होते. आमच्या नातेवाइकांपैकी एका काकूंनी हळूच मला विचारलं, "पायाचं ऑपरेशन झालंय का हो?" मी हो म्हणून टाकलं. आमच्या दारातल्या चपलांच्या घडवंचीवर एकटा बूट आणि एकटी चप्पल शेजारी शेजारी दिसली की इमारतीतल्या सगळ्यांना कळायचं, आज मास्तरांकडे व्याही आलेत.

अर्थात कळायला घडवंचीपर्यंत जायची गरज नव्हती. व्याही बहुधा रविवारी पाचच्या सुमाराला यायचे, पण येण्याआधी कधी फोन करत नसत, कारण त्यांची गाडीच त्यांचा निरोप घेऊन पुढे यायची. ढुगु-ढुग, ढुगु-ढुग, मध्ये एक ठोका गाळायचा, मग पुन्हा ढुगु-ढुग. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या की ही हातातलं काम ठेवून म्हणायची, "आले बाई एकदाचे!" आणि चहाचं आधण ठेवायची. गाडी आमच्या फाटकात आचका देऊन बंद पडली की व्याही ती पुन्हा चालू करायचे आणि दोन-तीन मिनिटं तशीच ढुगढुगत ठेवून आत डोळे मिटून बसायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दमली हाय, जरा श्वास घेऊ द्या तिला." आम्हाला वाटायचं, हा सगळा इमारतीला गाडी दाखवायचा प्रकार. एका रविवारी हिने वैतागून फोन खिडकीबाहेर धरला, तो सगळा धडधडाट पकडला आणि मुलीला पाठवून दिला. खाली लिहिलं, "तुझे सासरे आलेत. चहात साखर किती घालू ते विचारलं तरी त्यांना ऐकू जाणार नाही."

गाडी व्याह्यांच्या वडिलांची. मिठाचे दिवस चांगले होते तेव्हा त्यांनी ती मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून घेतलेली. विलायती, दुधाच्या रंगाची आणि इतकी लांब की वळताना तिचं तोंड एका रस्त्यावर आणि पाठ दुसऱ्या रस्त्यावर असते. त्या घरात एक रीत आहे. घरात नवं माणूस येणार ते याच गाडीतून. व्याह्यांची बायको लग्न होऊन यातून आली, मुलगा दवाखान्यातून यातून आला, आणि माझी मुलगीही यातूनच गेली. सहा वर्षांपूर्वी वडील वारले, त्यानंतर व्याह्यांनी गाडी पार उलगडली. पुढच्या चाकांना नव्या तऱ्हेचे ब्रेक बसवले, इंजिनातही काही फेरफार करून घेतले, आणि तेव्हापासून गाडीला आवाज आला आणि ब्रेक गेला. लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात बँडवाल्यांनी दुरूनच गाडी पाहिली आणि जोरात वाजवायला घेतलं. नवरदेव आमच्यासमोरून हात हलवत पुढे निघून गेले. बँडवाले वाजवत वाजवत थोडं मागे पळाले, मग थांबले. पुढच्या चौकातून वळसा घालून गाडी परत आली तेव्हा त्यांना तेच सगळं पुन्हा वाजवावं लागलं.

ब्रेकमध्ये दोष आहे हे व्याही मान्यच करायचे नाहीत. ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट लागतं हे त्यांना कबूल होतं, पण त्यांच्या मते तो जुन्या गाडीचा मान होता. "आताच्या गाड्या म्हंजे काय, नुस्तं बोट लावलं का थांबतात. तिला थांबवायला मानूस पायजे," असं ते अभिमानाने सांगत. तरी गुपचूप त्यांनी पॅड बदलले, नळ्या बदलल्या, बूस्टर म्हणतात तो गोल डबासुद्धा नवा आणला. काही फरक पडला नाही, तेव्हा त्यांनी बूट बदलून आणखी जाड तळाचा घेतला.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग आमच्याकडे नात आली.

बाळंतपण माहेरी, म्हणून मुलगी आमच्याकडे होती. बारशाच्या दिवशी ही तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन गॅलरीत उभी होती. खाली ढुगु-ढुग आली, फाटकातून आत शिरली, व्याह्यांचा हात बाहेर आला, "थांबतोय, थांबतोय!" झालं, आणि गाडी सावकाश, अगदी सावकाश, न थांबता आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या स्कूटरपर्यंत गेली. स्कूटर आडवी झाली. पलीकडे दोन पावलांवर सेक्रेटरींची नातवंडं रांगोळी काढत होती. कुणाला काही लागलं नाही. व्याह्यांनी उतरून स्कूटर स्वतः उभी केली, पुसली, सेक्रेटरींना मिठाची पिशवी दिली, आणि वर येऊन पाळण्यापाशी बसले.

पाहुणे गेल्यावर हिने दार लावलं आणि माझ्याकडे वळली. "तिसरा महिना लागला की ते बाळाला न्यायला येणार, त्या गाडीतून. बाळ त्या गाडीत बसणार नाही. आणि हे तुम्ही त्यांना सांगायचं."

"मी?"

"मग काय मी सांगू व्याह्यांना?"

मुलीकडच्या माणसाने व्याह्यांना नाही म्हणायचं, तेही त्यांच्या वडिलांच्या गाडीला आणि घरच्या रीतीला, ही गोष्ट किती अवघड आहे ते मुलीच्या बापालाच कळेल. आठ दिवस मी वाक्यं तयार केली. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच बोला, मला तिथे राहायचंय." शेवटी एका दुपारी रिक्षा करून त्यांच्या गावी गेलो. व्याही घरी नव्हते. गाडी घेऊन जुन्या पनवेलला गफूरभाईंच्या गॅरेजात गेलेत असं कळलं. तिथे पोचलो तर व्याही प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेले, आणि गाडीचं बॉनेट उघडं. मला बघताच उठले. "मास्तर! बरं झालं आलात. तुमी विज्ञानवाले. बघा हा काय बोलतो ते."

गफूरभाई साठीचे, चष्मा कपाळावर चढवलेला, फार शांत माणूस. त्यांनी मला गाडीत बसवलं. "सर, इंजिन बंद आहे. ब्रेक चार-पाच वेळा दाबा. आता पाय दाबूनच ठेवा. मी चालू करतो. तब्येत ठीक असेल तर पाय आपोआप थोडा खाली जायला हवा." त्यांनी गाडी चालू केली. ढुगु-ढुग सुरू झाली. माझा पाय होता तिथेच राहिला.

"गेला?"

"नाही."

"बस. हाच मर्ज आहे."

मग त्यांनी इंजिनाला एक बारीक नळी जोडली आणि नळीच्या टोकाचं तबकडीचं यंत्र माझ्या हातात दिलं. सुई नऊच्या आसपास थरथरत होती. "ही अठरावर गप उभी राहायला हवी," ते म्हणाले. "इंजिन हवा आत ओढतं ना, त्या ओढीवर हा बूस्टर चालतो. एका बाजूची हवा इंजिन ओढून घेतं, दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा ढकलते, आणि माणसाच्या पायाला मदत होते. आपल्या इंजिनात ओढच नाही. मग डबा नवा आणा नाहीतर दहा आणा, मदत कुठून होणार?"

मी तबकडीकडे बघत राहिलो. हवेचा दाब हा धडा मी तीस वर्षं शिकवला. दोन पोकळ अर्धगोल जोडायचे, आतली हवा काढून घ्यायची, मग घोडे लावले तरी ते सुटत नाहीत, हे फळ्यावर घोड्यांसकट काढून दाखवलं. आणि जावयाच्या वडिलांच्या एकाच पायात बूट बघून मला एकदाही शंका आली नाही. मला स्वतःची लाज वाटली.

"ओढ का नाही?" मी विचारलं.

गफूरभाईंनी व्याह्यांकडे बघितलं. "कॅमशाफ्टमुळे. झडपा उघडायच्या-मिटायच्या वेळा बदलल्यात. त्यामुळे गाडी उभी असताना इंजिन अडखळत श्वास घेतं. आवाज येतो तो त्याचाच. दादा, मी सहा वर्षांपूर्वीच बोललो होतो, आवाज मिळेल, ओढ जाईल. तुम्ही अर्धंच ऐकलं."

व्याही पाणी प्यायला बाहेर गेले. मी गफूरभाईंना जरा चिडूनच म्हटलं, "एका आवाजाच्या हौशीपायी एवढं?"

"हौस नाही, सर." त्यांनी हात फडक्याला पुसले. "यांच्या वालिदांचा मचवा होता, मिठाचा. जुनं इंजिन, एक ठोका गाळायचं. संध्याकाळी भरतीबरोबर परत यायचा. खाडीच्या वळणामागे तो दिसायचा नाही, आधी आवाज यायचा. तो ऐकून यांची आई भात टाकायची. पुढे मचवा भंगारात गेला. मग वालिदही गेले. दादा माझ्याकडे आले आणि बोलले, गफूर, मला तो आवाज पायजे. मी सात शाफ्ट घासून घेतले, सर. या स्टुलावर डोळे मिटून बसायचे. हा ट्रॅक्टर झाला, बोलायचे. ही पिठाची गिरण. सातव्याला काहीच बोलले नाहीत. बघितलं तर रडत होते. तेव्हा मी ब्रेकचं सांगितलं, पण त्या वेळी ते कोणाच्या कानात जाणार?"

आमच्या फाटकात डोळे मिटून बसलेले व्याही मला आठवले. आठ दिवस तयार केलेली माझी सगळी वाक्यं जागच्या जागी विरून गेली.

व्याही आत आले ते माझ्यासमोरच उभे राहिले. "मास्तर, तुमी काय सांगायला आलात ते मना ठावं हाय."

"नाही नाही, मी आपला सहज..."

"वयनींनी पाठवलंय. बरोबर हाय त्यांचं. स्कूटरच्या पल्याड पोरं होती, ती मी बी बघितली." मग ते गफूरभाईंकडे वळले. "उपाय बोल."

गफूरभाईंनी सांगितलं. ओढ साठवायला जास्तीची टाकी लावून बघितलीच होती. पहिले दोन ब्रेक मऊ लागतात, तिसऱ्याला पुन्हा दगड. विजेवर चालणारा पंप मिळतो, तो इंजिनाच्या वाटची ओढ स्वतः तयार करतो.

"पंप लावला तर आवाज राहील?"

"राहील."

"आन ब्रेक?"

"राहील. फ्यूज शाबूत आहे तोवर."

"नसला तर?"

"तर मग तुमचा बूट आहेच, दादा."

व्याह्यांनी खाली आपल्या बुटाकडे बघितलं. मी मनात म्हणत होतो, घ्या हो पंप, लोक घेतातच की, आम्हीही समजून घेऊ. पण ते म्हणाले, "माझ्यापुरता चालला असता. नातीला, बायला, घरी आनताना फ्यूजच्या भरोशावर आनू? नाय. जुना शाफ्ट हाय ना तुझ्याकडं?"

"तेल लावून ठेवलाय. कधी तरी मागाल, माहीत होतं मला."

"घाल."

मग ते गाडीत जाऊन बसले, दार ओढून घेतलं आणि चालू केली. गफूरभाई एक स्वच्छ पाना पुन्हा पुसायला लागले आणि मी गॅरेजच्या दारात जाऊन रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभा राहिलो. ढुगु-ढुग, ढुगु-ढुग, मध्ये एक ठोका नाही, पुन्हा ढुगु-ढुग. मीही त्या दिवशी पहिल्यांदाच तो आवाज नीट ऐकला. खरंच, पाण्यावरून काही तरी येत असल्यासारखा होता. थोड्या वेळाने व्याह्यांनी स्वतःच्या हाताने चावी फिरवली.

बाळाला न्यायच्या दिवशी आम्ही सगळे तयार होऊन आवाजाची वाट बघत बसलो होतो. घंटा वाजली. हिने दार उघडलं तर व्याही उभे, आणि दोन्ही पायांत चपला. ही आधी पायांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "गाडी नाही आणली?"

"आनली ना. खाली उभी हाय."

गाडी खाली उभी होती, चालूसुद्धा होती, आणि शिवणयंत्रासारखी बारीक आवाजात चालली होती. मुलगी बाळाला घेऊन मागे बसली, शेजारी ही, पुढे मी. व्याह्यांनी इतक्या हळू गाडी चालवली की सायकलवाले पुढे जात होते. रोडपालीचा दिवा लाल झाला. सवयीने त्यांचा हात बाहेर गेला, "थांबतोय रे," एवढं त्यांनी म्हटलंही, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की गाडी केव्हाच थांबली आहे. एका पायाने. त्यांनी हात आत घेतला. मागे न बघता विचारलं, "उठली काय?"

"नाही बाबा, गाढ झोपलीय," मुलगी म्हणाली.

"मंग झालं."

घरी विहीणबाईंनी बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, गावातल्या बायका जमल्या, बाळ या हातातून त्या हातात फिरलं. आम्ही निघताना व्याही अंगणात हिच्याजवळ आले. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस अगदी हळू बोलला. "वयनी, तुमी मागं पोरीला माझ्या गाडीचा आवाज पाठवला होता. हाय का अजून तुमच्या फोनमदी?"

हिचा चेहरा एवढासा झाला. मुलीने दाखवलं होतं तर! "अहो, ते मी आपलं गमतीनं... म्हणजे चिडून नव्हे हो..."

"चिडूनच धरला होता, मना ठावं हाय," व्याही म्हणाले. "त्याच्यानं तर बरं झालं. बाबांच्या मचव्याचा आवाज आमी रोज ऐकायचो, धरून ठेवायचं कुनाला सुचलं नाय. हा बी मना सुचला नसता."

हिने तिथल्या तिथे पाठवला. त्यांनी फोन कानाला लावला आणि जिकडे पूर्वी खाडी दिसायची त्या बाजूला तोंड करून उभे राहिले. आता तिकडे इमारती आहेत. मध्येच ते हसले, फोन हिच्यापुढे धरला आणि तेवढाच भाग पुन्हा लावला. ढुगढुगीच्या वर हिचा त्रासलेला आवाज स्पष्ट ऐकू आला, "आले बाई एकदाचे!"

"आय बी हेच बोलायची," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. हिने पदराने आपले पुसले, आणि मी काय करावं ते न सुचून उगाच चपला नीट लावत बसलो.

हल्ली व्याही कधी येतात ते कळत नाही. घंटा वाजते, दारात दोन चपला दिसतात आणि चहाचं आधण त्यानंतर ठेवलं जातं. मीठ येतं, मिठी होते, नातीच्या गोष्टी होतात. माणूस तोच आहे. पण रविवारी पाचच्या सुमाराला ही अजून रस्त्याकडची खिडकी उघडून ठेवते. मी विचारलं तर म्हणते, उकडतंय. मी पंखा वाढवत नाही, तिच्या शेजारी जाऊन थोडा वेळ उभा राहतो.